पापा इल्देफोन्स दुसऱ्या गाण्याला उठले

समजा, तुमच्या हातात एक नवा अल्बम दिला. आजच आलेला, अजून कुणीही न ऐकलेला. तुमच्या अंगणात चाळीस माणसं बसली आहेत, तीही तुमच्याच खुर्च्यांवर. तुम्हाला त्यांच्यासोबत तो अल्बम पहिल्यांदा ऐकायचा आहे. मधे बोलायचं नाही, मान डोलवायची नाही, पायाने ठेका धरायचा नाही, कारण ती चाळीस माणसं गाण्यापेक्षा तुमच्या पायांकडेच बघत असतात. गाणं आवडलं तर बसून राहायचं. नाही आवडलं तर उठायचं, आपली खुर्ची उचलायची आणि शेजारी ठेवलेल्या रिकाम्या खुर्चीवर रचायची. निकाल एवढाच. तुम्ही उठलात की तो अल्बम आमच्या सहा गल्ल्यांत पडला. लग्नात वाजणार नाही, बिअरच्या दुकानात वाजणार नाही, न्हाव्याकडेसुद्धा वाजणार नाही.

बघा जमतं का. मी एकदा करून पाहिलं आहे, पापा मलेरियाने झोपले होते तेव्हा. तिसऱ्या गाण्याला मला घाम फुटला. गाणं कसं आहे हे मला कळेना. मी बसलेय की उठायला निघालेय एवढंच सारखं जाणवत होतं.

पापा इल्देफोन्स मुकोको (आमच्याकडे वडीलधाऱ्या पुरुषाला सगळेच पापा म्हणतात, बाईला ममा) हे काम बावीस वर्षं करत होते, दर रविवारी, चर्च सुटल्यावर दुपारी तीनला.

त्यांचा धंदा खुर्च्यांचा. किन्शासात, आमच्या बांदाल भागात कुणाचं लग्न असो, बारसं असो की मयत, खुर्च्या पापांच्या. दोनशे चाळीस निळ्या प्लास्टिकच्या खुर्च्या, प्रत्येकीच्या पाठीवर पांढऱ्या रंगात त्यांच्या नावाची दोन अक्षरं. रविवारी त्यातल्या बऱ्याच घरी असायच्या, म्हणून लोक बसायला यायचे. लोक बसलेत म्हणून पापांनी एकदा गाणी लावली. त्यातून हे सगळं सुरू झालं. गायक होते म्हणावं तर आवाज फाटका. वादक होते म्हणावं तर बोटं खुर्च्या उचलून जाड झालेली. संगीतातलं त्यांचं शिक्षण म्हणजे हजारो कार्यक्रम मागच्या बाजूला उभं राहून ऐकणं, कारण कार्यक्रम संपेपर्यंत खुर्च्यांवर लक्ष ठेवावं लागतं.

"मैफल कशी झाली हे मला गायकाला विचारावं लागत नाही," ते म्हणायचे. "परत आलेल्या खुर्च्या सांगतात. खुर्ची स्वच्छ आली तर समजायचं, लोक बसून मोबाइल बघत होते. बैठकीवर चपलांचे ठसे असतील तर लोक वर चढून नाचले. ती खरी मैफल."

"आणि पाय मोडला असेल तर?" मी एकदा विचारलं.

"तर एक तर गाणं फार चांगलं होतं, नाहीतर बिअर फार स्वस्त होती. त्याची वेगळी चौकशी करावी लागते."

मी इलेक्ट्रॉनिक्स शिकले आहे. वस्तीच्या रेडिओ केंद्रात आवाजाचं यंत्र मी सांभाळते, आणि उरलेल्या वेळात लोकांचे ॲम्प्लिफायर दुरुस्त करते. पापांचा स्पीकर मीच दोनदा दुरुस्त केला, तेव्हापासून रविवारी माझी खुर्ची स्पीकरजवळ असायची. त्यांची मतं मी इतक्या वर्षांत इतकी ऐकली आहेत की नवं गाणं लागलं की ते काय म्हणतील हे मला अर्धं आधीच ऐकू येतं.

आमच्या रुंबात आधी गाणं सावकाश चालतं. गायक आपलं रडगाणं नीट सांगून घेतो. मग गिटार सुटते आणि नाच सुरू होतो. त्या भागाला सेबेन म्हणतात. पापांचं म्हणणं, सेबेनसाठी वाट बघायला लागली पाहिजे. "पूर्वी पाहुणा यायचा, बसायचा, घरचं बरंवाईट विचारायचा, मग पान वाढलं जायचं. हल्लीची गाणी उंबऱ्यातच जेवायला वाढतात. अरे, मला चप्पल तरी काढू द्या."

चर्चच्या गाण्यांबद्दल ते म्हणायचे, की गिटार आता तिथेच सगळ्यात चांगली वाजते, कारण चांगले वादक तिकडेच पळाले. पण एकच ओळ चाळीस वेळा ऐकून वाटतं, ही माणसं देवाला बहिरा समजतात. रॅप करणाऱ्या पोरांबद्दल: "भांडतात छान. पण आधी कुणी काय केलं ते तरी सांगा." लागोसहून येणारी गाणी त्यांना क्लोतील्दच्या मिकात्यांसारखी वाटायची. मिकाते म्हणजे तेलात तळलेले पिठाचे गोड गोळे. ममा क्लोतील्द, म्हणजे पापांची बायको, रोज सकाळी फाटकाशी ते विकते. "सकाळी गरम आहेत तोवर खावेत," पापा म्हणायचे, "संध्याकाळी कुणाला फेकून मारावेत."

"माझे मिकाते संध्याकाळपर्यंत उरतच नाहीत," ममा फाटकातून म्हणायची. "उरतात ती फक्त तुमची मतं."

पण सगळ्यात ठाम मत होतं ते दगडांबद्दल.

आमच्याकडे गाण्यात माणसांची नावं घेतात. त्याला लिबंगा म्हणतात, म्हणजे दगड. अमक्याचा दगड टाकला, म्हणजे गाण्यात त्याचं नाव घेतलं. हिऱ्यांचा व्यापारी, कुणी कर्नल, ब्रसेल्सला राहणारा कुणाचा तरी मेहुणा. बहुतेकांनी त्यासाठी काहीतरी दिलेलं असतं. जलशात नाव पडलं की त्या माणसाने उठायचं, हात वर करायचा आणि नाचत मंचाकडे जायचं. लहान पोरालाही हे ठाऊक असतं. नाव पडल्यावर बसून राहणं म्हणजे गायकाच्या तोंडावर दार लावणं.

पापांच्या पायाशी दुधाच्या पावडरीचा एक रिकामा डबा असायचा आणि खिशात बाटल्यांची बुचं. गाण्यात नाव आलं की एक बूच डब्यात. टण्. पुन्हा टण्. एका बड्या गायकाच्या अल्बमला एकशे त्रेसष्ट बुचं पडली होती. "हे गाणं आहे की मतदारयादी?" पापा म्हणाले आणि उठले. "भातातले खडे आहेत हे. एक दाताखाली आला की सगळा घास थुंकावा लागतो." त्यांनी उठून पाडलेल्या निम्म्या गाण्यांचा गुन्हा हाच असेल.

तर त्या रविवारी बाना मोंगोंगो या वाद्यवृंदाचा अल्बम लागला. ही आमच्याच वस्तीतली मंडळी. आठ वर्षं दुसऱ्यांच्या लग्नांत दुसऱ्यांची गाणी वाजवून त्यांनी पहिला स्वतःचा अल्बम केला होता. त्यामुळे त्या दिवशी अंगणात मांडलेल्या चाळीसही खुर्च्या भरल्या होत्या. पहिल्या गाण्याला पापा बसून राहिले. डब्यात दोनच बुचं पडली. लोकांनी एकमेकांकडे पाहिलं; सुरुवात चांगली होती.

दुसरं गाणं फारच सावकाश सुरू झालं. एक माणूस सासूच्या घरी बायकोला परत न्यायला आलाय आणि दारातच उभा आहे, एवढीच गोष्ट. गायक घाई करत नव्हता. साडेपाच मिनिटं गेली. पापांचा अंगठा गुडघ्यावर हलताना मी पाहिला, तो त्यांनी लगेच दाबून धरला. मग गिटार सुटली. बारीक, वरच्या पट्टीतली, पत्र्यावर पाऊस पडावा तशी. आणि त्या सेबेनमधे अतालाकूचा, म्हणजे आरोळ्या देऊन नाचवणाऱ्याचा आवाज आला:

"इल्देफोन्स मुकोको, खुर्च्यांचा बाप. तो बसा म्हणाला की दुःखसुद्धा बसतं."

पापा उठले.

उठले, आणि त्यांचा उजवा हात खांद्याच्या वर गेला. मग त्यांना चाळीस तोंडं दिसली. हात खाली आला आणि खुर्चीच्या पाठीवर थांबला. त्यांनी खुर्ची उचलली, जरा वेळ तशीच धरली, शेजारच्या खुर्चीकडे पाहिलं. तेवढ्यात वीज गेली. रविवारी त्या सुमारास ती जातेच. गाणं मधेच तुटलं आणि पापा खुर्ची हातात घेऊन उभे.

"उठले," चिबांगू गुरुजी म्हणाले. ते निवृत्त गणित शिक्षक, शेजारीच राहतात. "विषय संपला. अल्बम पडला."

"पडला कसला?" याया गोदे म्हणाली. ती कोपऱ्यावर मोबाइलचा रिचार्ज विकते आणि तिला सगळ्यांचं सगळं माहीत असतं. "नाव आलं म्हणून उठले. हात नाही बघितला तुम्ही?"

"हात खुर्ची उचलायला होता."

"खुर्ची काय डोक्यावर असते का, गुरुजी?"

"नियम साधा आहे. उठले तर पडला. बावीस वर्षांचा नियम आहे."

"आणि नाव पडलं तर उठायचं, हा नियम तुमच्या आजोबांच्या वेळचा आहे. मग आता कुठला नियम मोठा?"

दोघांनी पापांकडे पाहिलं. पापांनी खुर्ची खाली ठेवली, रचली नाही, आणि त्यांच्या त्या प्रसिद्ध आवाजात, जो एरवी गल्लीच्या टोकापर्यंत जायचा, हळूच म्हणाले, "मला जरा पाणी दे गं."

ममा क्लोतील्दने पाणी आणलं. "बावीस वर्षं खडा खडा करत होते," ती पेला देताना म्हणाली. "आज स्वतःच्या नावाचा आला तर साखर लागली."

त्यावर सगळे हसले. पापा हसले नाहीत.

मंगळवारपर्यंत वस्तीत दोन गोष्टी फिरत होत्या. पहिली: म्हाताऱ्याने नाव विकत घेतलं, आता तो अल्बमची स्तुती करणार. दुसरी: म्हाताऱ्याने स्वतःचं नाव असलेलं गाणंसुद्धा पाडलं, केवढा तो ताठा. दोन्ही गोष्टी याया गोदेच्या टपरीवरून निघत होत्या, कारण ती येईल त्याला आधी दोन्ही ऐकवायची आणि मग विचारायची, तुला काय वाटतं.

आणि शनिवार जवळ येत होता. दर शनिवारी दुपारी चारला आमच्या रेडिओवर पापा दहा मिनिटं बोलतात: या आठवड्यात काय ऐकलं, काय ऐकण्यासारखं आहे. त्या शनिवारी सगळे कान लावून बसणार होते. आवडलं म्हणाले, तर बावीस वर्षांचा शब्द एका आरोळीवर विकला गेला असं होणार. नाही आवडलं म्हणाले, तर आठ वर्षं राबलेल्या पोरांचा पहिला अल्बम आमच्या भागात तरी मेला. गप्प बसले, तर दोन्ही. पापांचं आयुष्यभराचं भांडवल काय, तर लोक म्हणायचे, इल्देफोन्स बोलला म्हणजे खरं. ते पणाला लागलं होतं, आणि ते वाचवायला त्यांना आधी खरं काय ते माहीत असायला हवं होतं.

बुधवारी सकाळी तो अतालाकू स्वतःच आला. त्याला सगळे सिरेन म्हणतात, म्हणजे भोंगा. एवढ्या मोठ्या आवाजाचा माणूस समोर उभा राहिला तर इतका लहानखुरा आणि लाजरा, की ममाने त्याला गिऱ्हाईक समजून किती मिकाते हवेत म्हणून विचारलं. मी अंगणात स्पीकरची वायर जोडत बसले होते.

"पापा," तो म्हणाला, "तुम्ही का उठलात?"

"आधी तू सांग. माझं नाव घ्यायला तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही."

"क्लोतील्दने काही दिलं?"

"ममाने मला आजवर एक मिकाता जास्तीचा दिलेला नाही."

"मग ब्लेझने सांगितलं असेल, तुझ्या मालकाने. म्हाताऱ्याचं तोंड गोड करा म्हणून."

"ब्लेझ तर चिडला होता. म्हणाला, या जागेवर एखाद्या कर्नलचं नाव गेलं असतं." सिरेन चपलेच्या टोकाने माती उकरत होता. "माझी आई गेली तेव्हा तुमच्या साठ खुर्च्या नऊ दिवस आमच्या दारात होत्या. पाऊस चालू होता. तुम्ही रोज सकाळी यायचात आणि एकेक खुर्ची फडक्याने पुसायचात. मी म्हटलं, राहू द्या पापा, परत ओल्या होतील. तुम्ही म्हणालात, ओल्या खुर्चीवर माणसाला रडायला बसवू नये."

"ते मी सगळ्यांनाच म्हणतो," पापा म्हणाले. "धंद्यातलं बोलणं आहे ते."

"असेल. मी एकदाच ऐकलं."

तो गेल्यावर पापा मला म्हणाले, "विकलेला दगड असता तर बरं झालं असतं, न्झूझी. जाऊन त्याच्या अंगणात परत टाकला असता. हा कुठे टाकू?"

"ठेवून घ्या की."

"ठेवला तर निकाल कसा देऊ?" मग त्यांनी विचारलं, "गाण्यातून नाव काढता येतं का तुला? तू इंजिनियर ना?"

येतं, पण नीट येत नाही. तयार गाण्यात सगळे आवाज एकमेकांत मिसळलेले असतात. नाव कापायचं तर त्याखालची गिटार आणि ढोलही कापले जातात, ठेका लंगडतो. शिजलेल्या पोंदूच्या भाजीतून मीठ परत काढण्यातला प्रकार. पण प्रत्येक वाद्य आणि प्रत्येक गळा वेगवेगळा ध्वनिमुद्रित केलेला असतो. ते सुटे आवाज मिळाले तर सिरेनच्या आवाजावरची पट्टी तेवढ्या जागी खाली सरकवली की काम झालं. मी सिरेनला फोन केला. गुरुवारी तो पेन ड्राइव्ह घेऊन आला, ब्लेझला न विचारता.

रेडिओच्या खोलीत आम्ही तिघं. मी नाव नसलेलं गाणं लावलं. पापांनी डोळे मिटले. सावकाश भाग संपला, गिटार सुटली, ती जागा आली आणि गेली. नुसती गिटार वाजली, अगदी स्वच्छ.

"इथे मी आहे," पापा म्हणाले.

"पापा, तिथे काही नाहीये. मी काढलंय."

"माहीत आहे. तरी आहे. गिटार बघ कशी वळते, कुणीतरी हाक मारल्यासारखी. कुणाच्या हाकेला?"

मी परत लावलं. खरंच, तिथे गिटार एका प्रश्नाचं उत्तर देत होती आणि प्रश्नच नव्हता. मला आधी ते जाणवलं नव्हतं. आता जाणवलं ते गाण्यात होतं म्हणून की पापांनी सांगितलं म्हणून, कोण जाणे.

"दुसऱ्या कुणाचं नाव घाल," पापा म्हणाले.

सिरेन माइकसमोर उभा राहिला. लाजरा माणूस क्षणात नाहीसा झाला आणि काच थरथरली. "चिबांगू गुरुजी, आकड्यांचा बाप," तो ओरडला. मी ते बरोबर त्या जागी बसवलं. पापांनी घरून डबा आणला होता. ते ऐकत राहिले. नाव आलं आणि बूच पडलं. टण्.

"खडा?" मी विचारलं.

"खडा. पण हात आधी गेला, मी मागून." त्यांनी ते बूच डब्यातून काढून पुन्हा खिशात टाकलं. "बावीस वर्षांची सवय आहे. ती गाणं ऐकतच नाही, नाव ऐकते."

"मग गाणं चांगलं आहे की नाही, पापा?" सिरेनने विचारलं. त्याचा आवाज पुन्हा लहान झाला होता.

पापा माझ्याकडे वळून म्हणाले, "असं काही करता येईल का, की मी हे पहिल्यांदाच ऐकतोय?"

"त्याचं बटण नसतं, पापा."

"एवढं शिकलीस आणि एक बटण नाही."

शनिवारी ते इस्त्री केलेला शर्ट घालून आले. एरवी ते कागद आणत नाहीत. त्या दिवशी आणला होता, पण खिशातून काढला नाही. लाल दिवा लागला. बाहेरच्या बोळात सिरेन आणि ब्लेझ उभे होते. ब्लेझ भिंतीला टेकून, हाताची घडी घालून.

"मी इल्देफोन्स मुकोको," पापा म्हणाले. "बाना मोंगोंगोचा अल्बम आलाय. दुसऱ्या गाण्यात माझं नाव आहे. मी त्यासाठी काही दिलं नाही, माझ्या बायकोनेही दिलं नाही. नाव आलं आणि मी उठलो. गाणं वाईट होतं म्हणून उठलो नाही. नाव आलं म्हणून उठलो, तुम्ही कुणीही उठला असता तसाच. मग मला लाज वाटली म्हणून मी खुर्ची उचलली, म्हणजे तुम्हाला वाटावं की गाणं पडलं. ती खुर्ची खोटी होती. एवढं तुम्हाला सांगायचं होतं." ते थांबले. दहा मिनिटांपैकी एक मिनिटही झालं नव्हतं. "गाणं कसं आहे ते मला सांगता येत नाही. मला ते फार आवडतं. पण त्या आवडण्यावर माझा भरवसा नाही, म्हणून तुम्हीही ठेवू नका."

पहिला फोन गुरुजींचा आला. "मग इल्देफोन्स, आम्ही काय करायचं?"

"ऐका."

"ते बरोबर. पण ऐकून झाल्यावर?"

"गुरुजी, तुम्ही चाळीस वर्षं पोरांना म्हणत होतात, शेजाऱ्याच्या वहीत बघू नका."

उरलेल्या वेळात मी गाणी लावली. बाहेर आले तर ब्लेझ म्हणाला, "चांगलं म्हणाले असते तर काय बिघडत होतं?" सिरेन पापांसाठी बाहेर थांबला आणि दोघं सोबत चालत गेले, हे मी खिडकीतून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी अंगणात तिसाहून कमी लोक होते. काही जण रागावले होते. बावीस वर्षं ज्याच्यावर विसंबलो तो असा निघाला म्हणून. जे आले त्यांना पापांनी खुर्च्या दिल्या, स्पीकर चालू केला, आणि स्वतः फाटकापाशी ममाच्या रिकाम्या टोपलीशेजारी जाऊन बसले, सगळ्यांकडे पाठ करून. अल्बम पहिल्यापासून लागला.

कुणाला काय करावं ते कळेना. दुसऱ्या गाण्याला याया गोदे नाचायला उठली, तर गुरुजी म्हणाले, "उठलीस म्हणजे पाडलंस का?" ती म्हणाली, "नाचतेय, दिसत नाही?" चौथ्या गाण्याला एका बाईने खुर्ची रचली, दुसऱ्या एकाने ती उतरवून तिला परत बसवलं. पाचव्याला चार जण उठले, बाकीचे बसले, आणि दोन्हीकडून एकमेकांची अक्कल काढणं सुरू झालं. इतकं भांडण त्या अंगणात मी कधी पाहिलं नव्हतं. लोक गाण्याबद्दल बोलत होते: गिटार वर हवी होती, गायकाने सासूला अजून मनवायला हवं होतं, असली सासू माझ्याही ओळखीची आहे.

मी पापांजवळ जाऊन बसले. त्यांच्या मांडीवर बुचांचा डबा होता आणि ते एकेक बूच काढून टोपलीत ठेवत होते, हलक्या हाताने, आवाज न करता.

"न्झूझी, तो एकशे त्रेसष्ट दगडांचा अल्बम आठवतो तुला?"

"मतदारयादी."

"तीच. त्यातले ते एकशे त्रेसष्ट लोक. प्रत्येक जण आपल्या घरी ते गाणं ऐकत असेल आणि आपलं नाव आलं की उठत असेल. मी त्यांना हसायचो." त्यांनी अजून एक बूच ठेवलं. मागे अंगणात कुणीतरी दुसरं गाणं परत लावा म्हणत होतं. "मागच्या रविवारी मी उठलो, तेव्हा नाव येण्याच्या आधीच माझा अंगठा हलला होता. तू पाहिलंस ना?"

"पाहिलं."

"म्हणजे गाणं चांगलंच असेल."

"असेल."

"पण मग एक सांग. बावीस वर्षांत मी उठून जी गाणी पाडली, त्यांत माझं नाव असतं तर त्यांतली किती मी पाडली असती?"